बुचाचं पॅकिंग

—नाही हो साहेब, इंजिन नाही गेलेलं, घाबरू नका. चेंबरचं पॅकिंग गेलंय फक्त. इंजिनच्या पोटाखाली ही तेलाची परात असते ना, तेच चेंबर — आणि पोट नि परात यांच्यामध्ये एक बुचाची पट्टी. ती वाळली, चिरली, की तेल गळणार. छप्पन्न सालची होल्डन गाडी आहे, या वयात तुम्ही-आम्हीसुद्धा कुठून ना कुठून गळतोच. बसा त्या टायरवर. तो नको, तो नको, त्याच्याखाली सरडा राहतो, भाडं देत नाही आणि कुणाला टेकूही देत नाही. हां, तिकडं. चाकासमोरचा तेलाचा लाल दिवा लागल्यावर थांबलात हे शहाणपण केलंत बघा, कारण या हमरस्त्यावर पुढं ॲडलेडच्या बाजूला दिवसभर चाललात तरी गॅरेज नाही — आहे ते मीठ आणि माश्या. माश्याही अशा तहानलेल्या, की गेल्या उन्हाळ्यात माझ्या मेव्हण्याच्या हातातली बियरची बाटली उचलून चौघीपाचजणींनी — हसू नका — रस्त्यापलीकडं नेली, आणि झाकण उघडेना म्हणून परत आणून दिली. देवाशपथ.

पॅकिंग मिळेल ना, न मिळायला काय झालं? तुम्ही तोंड धुवायला गेलात तेव्हाच फोन केला मी. देसांका घेऊन येतीय. येईल, तिची खाण जरा लांब आहे, पण येईल. तोवर तेल निथळू दे. घाई आहे तुम्हाला? असते, ज्याला त्याला असते — पण आता बोल्ट निघाले, तेल बादलीत. आता ही गाडी काय आणि ते लोखंडी कपाट काय, एकच. इथून हलायची नाही. जरा मागं सरका साहेब, परात चिकटून बसलीय, ठोकली की तेल उडेल… हां. …हां, बास. बास तेवढं.

निघाली. बघा, चिखल किती बसलाय तळाशी. — पहिल्यांदाच येताय ना आमच्याकडं? म्हणालात तुम्ही, मेलबर्नच्या कुणा विक्रेत्याकडून घेतली, इकडं कधी पाय ठेवला नाही. बरोबर, म्हणालात, दोनदा म्हणालात. रंग छान दिलाय हो. हिरवा. बोल्टाच्या खाचेत तेवढा जुना रंग राहिलाय, दुधाच्या सायीसारखा, पण तिथं कोण बघतंय?

अशीच गाडी इथं झिव्कोकडं होती. झिव्को म्हणजे देसांकाचा भाऊ, सर्बियातून आलेला, जमीन खणून ओपलचे रंगीत खडे काढायचा आमच्यासारखाच — मी तेव्हा अर्धा मेकॅनिक नि अर्धा खाणवाला होतो, आता पाठ गेली, पाऊणवाटा मेकॅनिक आहे. उरलेला पाव नुसता बोलतो. तर झिव्कोला एकदा खडा मिळाला. असा, की दिव्याखाली धरला तर आतून कुणीतरी हिरवी-तांबडी चूल पेटवलीय असं वाटावं. आता आमच्याकडं एक रीत आहे — खडा मिळाला की तोंड शिवायचं. बायकोला सांगायचं नाही, पाद्र्याला नाही, कुत्र्यालाही नाही. आणि या वेड्यानं क्लबात सगळ्यांना बियर पाजली! सगळ्यांना! तिथं कोण कोण होतं, कुणी मोजलं? चार परके होते, हंगामाला आलेले. दुसऱ्या दिवशी झिव्को नाही, गाडी नाही, खडा नाही. पोलीस आले, म्हणाले, श्रीमंत झाला आणि पळाला, पळतात लोक. देसांका म्हणाली, माझा भाऊ मांजरीला पाणी ठेवल्याशिवाय गावाबाहेर जात नाही, आणि भांडं कोरडं आहे. पोलिसांनी मांजरीचं भांडं लिहून घेतलं नाही.

तेव्हापासून ती शोधतीय. कुठं म्हणजे? खड्ड्यांत. बाहेर बघितलंत ना, पांढऱ्या मातीचे ढीग, क्षितिजापर्यंत — दर ढिगाशेजारी एक खड्डा, माणसाच्या खांद्याएवढा रुंद, विहिरीसारखा सरळ खाली. किती आहेत ते देवालाही माहीत नाही, त्यालाही खणल्यावर बुजवायची सवय नाही. देसांका दर रविवारी आरसा घेऊन निघते. ऊन डोक्यावर आलं की आरसा तिरका धरायचा, उजेड खाली सोडायचा, तळापर्यंत बघायचं, मग दगडावर चुन्याची फुली मारायची नि पुढचा खड्डा. चार उन्हाळे झाले. हात करपलेत तिचे. तिला खडा नको, कोर्ट नको. भाऊ वर काढायचाय, मेणबत्ती लावायचीय आणि आईशेजारी पुरायचाय. बास. चहा घ्या, गार होतोय.

मी आपलं जुनं पॅकिंग खरवडतो. पूर्ण खरवडावं लागतं, तसूभर राहिलं तरी नवं बसत नाही. हे बघा — बूच बघितलंत? जाडीला एकसारखं नाही. दुकानातलं नाही हे. आणि हे उजेडात धरा… धरा ना. बारीक बारीक भोकं दिसतात? इथं एक, इथं तीन जवळजवळ. कीड नाही लागलेली. क्लबात बाण फेकायचा खेळ आहे, त्या फळीमागं भिंतीला बुचाचे तक्ते होते, नेम चुकला तर बाण त्यात घुसायचे. सुटा भाग यायला महिना लागतो इथं, म्हणून मी त्यातलाच एक तक्ता उचकटला आणि कात्रीनं पॅकिंग कापलं. झिव्को म्हणाला, पानोस, हे गळणार. मी म्हटलं, गळलं तर ये परत, फुकट करून देतो.

गळलं.

रंग बदलता येतो मित्रा, नंबर बदलता येतो. पण चेंबर खोलून पॅकिंग कोण बदलतो? — थांब, थांब, बस खाली. तू विक्रेत्याकडून घेतलीस, बरोबर, मीही तेच म्हटलं स्वतःशी. म्हटलं पानोस, गाडी चोरीची असेल, माणूस बिचारा साधा असेल. खरंच म्हटलं. पण मघाशी मी तुला मागं सरक म्हणालो. शहरातला माणूस काय करतो? मागं पाऊल टाकतो. फोटो काढता काढता पाऊल टाकतो, म्हणून तर आम्ही 'उलटं चालू नका, खड्डे आहेत' अशा पाट्या लावल्यात जागोजागी. तू काय केलंस? आधी मान वळवलीस, मागची जमीन बघितलीस, मग पाय ठेवलास. सिमेंटची फरशी आहे रे माझी! ही सवय इथल्या खड्ड्यांमधून वावरलेल्याचीच, आणि एकदा लागली की मरेपर्यंत जात नाही. मी पुतणीच्या लग्नात ॲडलेडला नाचताना असाच मागं बघत होतो, तर नवऱ्याची आई विचारते, याच्या मागं पोलीस लागलेत का?

नाही, बुचाची कड बाहेरून दिसली तेव्हाच गाडी ओळखली मी, पण पोलिसांना नाही केला फोन. तिनं सांगून ठेवलंय, कधी ती गाडी आली तर आधी मला. आणि पॅकिंग तिच्याकडं कुठलं — पॅकिंग इथंच आहे, भिंतीवर टांगलेलं, कापून तयार. ती म्हणाली, त्यानं खड्डा दाखवला तर गाडी नीट करून दे, तेल भर, जाऊ दे त्याला. आणि नाही दाखवला तर… ते जाऊ दे. ते मला बोलायचं नव्हतं. ती येईपर्यंत तुला हसवत ठेवायचं एवढंच काम होतं माझं, आणि तेही धड जमलं नाही. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याकडं बघूनच.

दाराकडं बघू नकोस. उन्हात चालत किती जाशील? आणि कुठल्या बाजूला? तुझ्याइतकं हे माळरान कुणाला माहीत असणार, तूच सांग.

ही तिची गाडी. धूळ बघ केवढी, बाई ब्रेक म्हणून लावत नाही. ऐक, ती एकच विचारणार — कुठला खड्डा. का, कसं, खडा किती वजनाचा होता, काही विचारणार नाही. उत्तर द्यायला वेळ घे, पण फार घेऊ नकोस, तिनं तिचा सगळा वेळ आरशात घालवलाय.

मी आता गाडीखाली उतरतो. मधले बोल्ट आधी, मग कडेचे, हलक्या हातानं, एकेक. वेळ लागतो त्याला. खालून मला इंजिनच्या पोटाशिवाय काही दिसत नाही, आणि पाना चालू असला की ऐकूही येत नाही.

ये देसांका. इथं बसलाय.