मांजरांचा पुदिना

न्हाई न्हाई ताई, त्याला हात लावू नका — मला विचारल्याबिगर त्याचं पान कुणी खुडत न्हाई, माझ्या लेकाला, सोमेश्वरलाबी परवानगी न्हाई. साधा पुदिना वाटला ना? समद्यांनाच वाटतो. हा मांजरांचा पुदिना. सोमेश्वरनं बदनापूरच्या नर्सरीतून आणल्ता, बायकोला जांभळी फुलं आवडतात म्हणून. लई लाड चालत न्हाईत ह्याला. शेणखत घातलं की नुसता माजतो आन आडवा पडतो, रोज पाणी दिलं की मुळ्या कुजतात. माती बोटाला कोरडी लागली की तांब्याभर पाणी, बस. फुलं सुकली की निम्म्यातून छाटायचा, पुन्हा भरून येतो. आन ह्या बाभळीच्या काट्या रोवल्यात त्या मांजरांसाठी — वास आला की साऱ्या हसनाबादची मांजरं लोळायला इथंच. खोडं मोडून टाकतात मेली.

एकीला मात्र मी हाकललं न्हाई. त्याचं असं झालं — आमच्या सुनेचं, साधनाचं दुसरंबी पोटातच गेलं, तवा मी सटवाईपुढं पदर पसरला. आई, मला खूण दाव. आन दुसऱ्या दिवशी उठून बघते तर ही मांजर ह्या झाडाखाली व्यालेली! पाला खायची, पिल्लांना चाटायची. समदी पिल्लं जगली ताई. समदी! मंग खूण म्हणतात ती आणखी कशी ऱ्हाती?

हो, साधनालाच देते. काढा करून, आधी देवीला दाखवून. चिमूटभर कशाला, चांगली मूठभर पानं घालते. तोंड वाकडं करती बिचारी, पण माझ्या शब्दाबाहेर न्हाई. तुमच्या गोळ्या? ठेवल्यात की देव्हाऱ्यात, नीट. नवसात दुसरं औषध मिसळू न्हाई — देवीला वाटंल, हिचा भरोसा न्हाई माझ्यावर.

तपासणीला पाठवली न्हाई, कारण सातव्यापासून तिच्यावर परकी सावली पडू देणार न्हाई असं मीच बोलले देवीला. तुम्ही आशाताई, घरोघर पोटुशी बाई बघायचं तुमचं कामच हाय, तरी तुम्हाला ओट्यावर बसवलं — राग मानू नका. फोन? तिचा फोन माझ्याकडं हाय. आईला लावायची आन रडत बसायची नुसती. रडण्यासारखं काय न्हाई हो. कंबर दुखती, पोट मधूनमधून दगडावानी होतं — रोप जीव धरताना माती आवळतीच की. म्हणून तर काल काढा वाढवला. मंग थोडं अंगावरून गेलं. थोडंच. परकर मीच धुतला. उष्णता असती, ती भायेर पडली.

अशा काय बघून राह्यल्या? बसा ना, चहा टाकते. सोमेश्वरला न्हाई सांगितलं, तो कामावर असतो, उगं जीवाला घोर. आन त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काढू नका. दोन्ही टायमाला त्यांचंच ऐकलं बराबर, जे म्हणल्या ते केलं — आन दोन्ही टायमाला ओटी रिकामी घेऊन आलो. सोमेश्वरनं पाळण्याच्या दोऱ्या कापून टाकल्या. ह्या टायमाला मी कुणाचं ऐकणार न्हाई ताई. देवी देणार हाय. मला दिसून राह्यलंय ते लेकरू, गोरंपान, माझ्या मांडीवर —

कुणाला लावता फोन? गाडी-बिडी काय बोलवू नका. ठेवा तो. अवो, ठेवा म्हणते! न्हाई, आत न्हाई जायचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका, पाया पडते तुमच्या, माझा नवस मोडंल —

ऐकलं का? आत्या म्हणून हाक मारली सुनेनं.

आले गं साधे, आले! काढ्याचा पेला भरूनच आणते, पडून ऱ्हा!

जा ताई तुम्ही. बारशाला बोलावते. मी आतून कडी लावून घेते.