खिळ्यावरची चौकट

(घराचं गॅरेज. मर्ल आणि त्याची मुलगी टेसा उद्याच्या पदवीच्या पार्टीसाठी टेबलं मांडताहेत.)

मर्ल : ते हलवू नकोस, तिथे केक ठेवायचाय. आत्या आणतेय, वर तुझा टोपीवाला फोटो छापून. आणि भिंतीकडे बघितलंस का नाही?

टेसा : ही चौकट कसली?

मर्ल : कसली म्हणे! अक्रोडाचं लाकूड आहे, बाईसाहेब. कॉलेजात फोन करून प्रमाणपत्राचं माप घेतलं. उद्या मंचावरून उतरलीस की आणायचं आणि बसवायचं.

टेसा : मंचावर नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर देतात, बाबा. आत काही नसतं. खरं नंतर टपालानं येतं.

मर्ल : मग नंतर बसवू. चौकट कुठे पळून जातेय?

टेसा : माझं येणार नाही.

मर्ल : का?

टेसा : गणित राहिलंय.

मर्ल : नापास झालीस?

टेसा : बसलेच नाही. मागच्या वर्षी त्याच वेळेला कवितेचा वर्ग होता, म्हणून गणित पुढे ढकललं. या जानेवारीत नाव घातलं, तर पोरं भरली नाहीत म्हणून त्यांनी वर्गच रद्द केला.

मर्ल : आणि तरी उद्या झगा घालून मिरवणार?

टेसा : थोडं राहिलेल्यांनाही मंचावर चालू देतात. तू आजीचं विमानाचं तिकीट काढून बसला होतास. तोंडच उघडेना माझं.

मर्ल : बरं, उन्हाळ्यात उरकून टाक. सप्टेंबरात युनिव्हर्सिटी.

टेसा : त्यांना जूनमध्येच इथली दोन वर्षांची पदवी पूर्ण हवी होती. शिष्यवृत्तीही त्याच अटीवर. काल फोन आला. जागा गेली.

मर्ल : पुढच्या वर्षी?

टेसा : जागा मिळेल. शिष्यवृत्ती नाही. तिच्याशिवाय तिथली फी आपल्याला झेपेल का? तूच सांग.

मर्ल : दोन वर्षं इथल्या कॉलेजात स्वस्तात काढ, मग युनिव्हर्सिटीत जा, असं मीच म्हटलं होतं. त्या स्वस्तातल्या फीपायीच मी माझी मासेमारीची बोट विकली.

टेसा : माहितेय.

मर्ल : शेजारचा डेल विचारायचा, कविता, इतिहास असलं ते लिबरल आर्ट्स करून पोरगी होणार तरी कोण? मी छाती काढून सांगायचो, विचार करायला शिकतेय. तर म्हणायचा, त्याचा पगार कोण देतं रे?

टेसा : बाबा, खरं सांगू? त्या कवितेच्या वर्गाचा मला अजूनही पश्चात्ताप होत नाही. बोट आठवली की पश्चात्ताप होत नाही याचीच लाज वाटते.

मर्ल : लाज कसली त्यात. एवढं आवडत होतं, तर कधी घरी एखादी वाचून दाखवायचीस.

टेसा : तू गिरणीतली पाळी संपवून यायचास आणि बूट न काढता झोपायचास.

मर्ल : हं. ती खुर्ची दे इकडे.

टेसा : चौकट उतरवू का?

मर्ल : राहू दे खिळ्यावर. कुणी विचारलं तर टपालात आहे म्हणू. आजी सकाळपासून केस कुरळे करून बसलीय.

टेसा : आणि टपाल आलंच नाही तर?

मर्ल : मग बघू. आता पुढे काय करणार आहेस?

टेसा : सुपरमार्केटवाले पूर्णवेळ घेताहेत. पाळीची प्रमुख म्हणून. हो म्हटलंय मी. तात्पुरतं.

मर्ल : मीही कागदाच्या गिरणीत तात्पुरताच लागलो होतो, टेसा.