देवीच्या डोंगराखालचं स्थळ

आमच्या ताईचं लग्न वज्रेश्वरीच्या डोंगरामुळं मोडता मोडता राहिलं, माहितीय? पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. भिवंडीच्या एका मास्तरांनी बाबांना सांगितलं, देवीचा तो डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी. आणि स्थळ नेमकं त्याच्याच पायथ्याचं!

बोलणी करायला पाहुणे अंजूरला आमच्या घरी आले, तेव्हा मास्तरांना शेजारी बसवून बाबांनी विचारलंच. मुलाचा बाप म्हणाला, "ज्वालामुखी कसला? परशुरामाच्या यज्ञाची राख हाय ती. कवाच इझली."

"मंग तुमच्या गावच्या कुंडातलं पाणी कढत कसं?" बाबा म्हणाले.

मुलाची आई म्हणाली, "चूल इझली तरी बाजूच्या वैलावरचं पाणी गरम ऱ्हातंच की."

आता डोंगर विझलाय की पेटलाय? बाबा माझ्याकडं बघतात, मी मास्तरांकडं, मास्तर चहाच्या बशीकडं.

तेवढ्यात आतून ताईच ओरडली, "बाबा, हो म्हणा! तिथं आंघोळीच्या पाण्याला लाकडं आणायला लागत न्हाईत!"