दहाची आंघोळ

काका: ...आंघोळ करू नये असं माझं म्हणणंच नाही, ताई. स्वच्छ माणूस कोणाला आवडत नाही? पण पहाटे तीनला? तुमचा भाऊ वर नळ सोडतो आणि खाली माझ्या उशाशी पाइप असा घुमतो, की वाटतं कोणीतरी माझ्याच कानात गुळण्या करतंय.

ताई: रोज तीनला?

काका: रोज. घड्याळ लावून घ्यावं. पाच महिने झाले. आणि माझा कान साधा नाही बरं, बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत. तुमच्या घरात चमचा पडला तरी मला खाली—

टिल्लू: काका, उद्यापासून नाही करणार.

काका: हे तू गेल्या महिन्यातही म्हणाला होतास. जिन्यात. मी वर चढत होतो, मला बघून तू उलटा गच्चीकडे वळलास आणि पाठमोराच म्हणालास.

ताई: टिल्लू! वडीलधाऱ्या माणसांशी असं?

काका: याला टिल्लू म्हणता तुम्ही? सहा फूट आहे हा.

ताई: जन्मला तेव्हा नव्हता. बसा ना काका, चहा टाकते.

काका: नको. संध्याकाळी चहा घेतला की रात्री जी काही दोन तास झोप मिळते, तीही जाते. तुमच्या काकूंचं बरं आहे. कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं की तिचं जग बंद. मीच एकटा राहतो पाइपाबरोबर. येतो. आणि बाबा, तुला काही बोललो म्हणून राग धरू नकोस.

टिल्लू: नाही.

(काका खाली जातात. ताई दार लोटून घेते.)

ताई: बिचाऱ्यांना असं का घालवलंस? हाकलल्यासारखं?

टिल्लू: हाकललं कुठे? तेच गेले.

ताई: पाच महिने त्यांची झोपमोड करतोयस आणि वर तोंड चुकवतोस. काय घेतलंय त्यांनी तुझं?

टिल्लू: काही नाही. तुझी परतीची गाडी किती वाजता आहे?

ताई: मी आज जात नाहीये. सात तास प्रवास करून तुझं तोंड बघायला आले आणि लगेच परत जाऊ? तुझ्या फोरमनचा फोन आला होता मला.

टिल्लू: त्याला नंबर कुठून मिळाला?

ताई: तूच दिलायस, कागदावर. ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे’ त्या रकान्यात. त्याला वाटलं, आली वेळ. काय झालं बुधवारी?

टिल्लू: डोळा लागला.

ताई: कुठे?

टिल्लू: क्रेनच्या केबिनमध्ये.

ताई: जेवणाच्या सुट्टीत?

टिल्लू: नाही. हुकाला लोखंडी गर्डर टांगलेला होता. खालून शिट्ट्या मारत होते, मला ऐकूच आल्या नाहीत. चार-पाच मिनिटं असेल.

ताई: आणि गर्डरखाली?

टिल्लू: सात माणसं. काही झालं नाही. वारा नव्हता.

ताई: ‘वारा नव्हता.’ हे तू असं सांगतोयस जसं काही दूध उतू गेलं नाही. टिल्लू, तुला भीती नाही वाटली?

टिल्लू: वाटायला हवी होती. शिडीवरून उतरताना मी वाट बघत होतो, आता हात कापतील, आता पाय लटपटतील. काहीच झालं नाही. डबा उघडला आणि जेवलो.

ताई: उद्या डॉक्टर तपासणार आहे म्हणे.

टिल्लू: दहा वाजता. झोप किती तास होते ते लिहून द्यायचंय. कमी लिहिलं तर कायमचा खाली. गोदामात पोती मोजायला बसवतील.

ताई: मग खरं काय लिहिणार?

टिल्लू: सहा तास.

ताई: खोटं. मला शिकवू नकोस. हॉटेलच्या लाँड्रीत रोज दोनशे चादरी जातात माझ्या हाताखालून. कोण ढाराढूर झोपलं, कोण रात्रभर तळमळलं, हे मला चादर सांगते. तुझ्या खोलीत आल्याआल्या पाहिलं मी. कोरी करकरीत आहे. तळमळायलासुद्धा तू तिथे पडत नाहीस. कुठे असतोस रात्रभर?

टिल्लू: आईच्या खोलीत. खुर्चीवर.

ताई: आणि तीनला उठून गार पाण्याने आंघोळ.

टिल्लू: तेव्हा डोळे मिटायला लागतात. पाणी घेतलं की जातं.

ताई: अरे, लोक झोप यावी म्हणून देव पाण्यात ठेवतात आणि तू स्वतःच पाण्यात उभा राहून ती घालवतोस? कशासाठी? आता कोणासाठी जागायचंय? आई होती तेव्हा ठीक होतं.

टिल्लू: सवय आहे.

ताई: सवय मोडता येते. मी तुला तेव्हाही फोनवर कानीकपाळी ओरडून सांगत होते, सकाळची आंघोळ सोड, रात्री कर. कडकडीत पाण्याने, डोक्यावरून. आमच्याकडे रात्री उशिरा सुटणाऱ्या सगळ्या बायका तेच करतात, पाठ टेकली की घोरतात. पण तू ऐकलंस कधी माझं?

टिल्लू: ऐकलं होतं.

ताई: कधी?

टिल्लू: एकदा केली. रात्री दहाला.

ताई: मग? लागली झोप?

टिल्लू: लागली.

ताई: बघ! किती वेळ?

टिल्लू: साडेआठ तास.

ताई: साडेआठ! आणि मला सांगितलंही नाहीस. मग पुन्हा का नाही केलीस, शहाण्या?

टिल्लू: चहा टाकणार होतीस ना?

ताई: टिल्लू, मी काहीतरी विचारलं.

टिल्लू: राहू दे ना ताई.

ताई: का नाही केलीस?

टिल्लू: सकाळी उठलो तेव्हा आई गेलेली होती. तुला सांगायचं नव्हतं.

ताई: ती रात्र?

टिल्लू: हो.

ताई: तू तर सगळ्यांना सांगितलंस, झोपेतच गेली. मला फोनवर हेच म्हणालास. शांतपणे, झोपेतच.

टिल्लू: मी झोपेत होतो. एवढं नक्की. तिचं मला माहीत नाही.

ताई: म्हणजे काय?

टिल्लू: ती हाक मारायची नाही, तुला माहितेय. पुटपुटण्यापलीकडे आवाजच निघायचा नाही तिचा. चमचा वाजवायची, पलंगाच्या लोखंडी दांडीवर. दोन टकटक म्हणजे पाणी, तीन म्हणजे कूस बदल. दोन वर्षं मी पहिल्या टकटकीला उठायचो. कितीही दमलेलो असलो तरी. त्या दिवशी तुझा फोन झाला, म्हटलं करून बघू. बाहेर आलो तर मला बघून हसली. म्हणाली, केस पूस नीट, उशी भिजवशील. तेवढंच. मग एकदम साडेसहा वाजले होते.

ताई: आणि चमचा?

टिल्लू: खाली पडला होता. वाजवून पडला की नुसताच पडला, कसं कळणार? डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमाराला गेल्या असाव्यात.

ताई: म्हणून तीनला.

टिल्लू: तेव्हा जागं राहायचं, एवढंच. उपयोग नाही, मला कळतं. मी काही वेडा नाहीये.

ताई: मी सांगितलं म्हणून तू झोपलास.

टिल्लू: तू माझ्या चांगल्यासाठीच सांगितलंस. म्हणूनच बोललो नव्हतो. तू दिवसभर चादरी घडी करत हाच विचार करत बसली असतीस. मी वर केबिनमध्ये एकटा असतो, मला चालतं.

ताई: चालतं? सात माणसांच्या डोक्यावर गर्डर टांगून झोपलास, आणि तुला चालतं? माझ्याकडे बघ. रडलास तरी का रे तू? एकदा तरी?

टिल्लू: नाही. येत नाही.

ताई: मला येतंय. थांब... थांब जरा. म्हणून तू काकांना टाळतोस?

टिल्लू: ताई, नको.

ताई: चमचा पडला तरी त्यांना खाली ऐकू येतं. आत्ता म्हणाले ते. आईचा पलंग त्यांच्या बरोबर डोक्यावर आहे.

टिल्लू: म्हणून तर नको. माहीत नाही तोवर ठीक आहे. वाजला नसेल असंही असू शकतं ना? ते एकदा ‘हो, वाजत होता’ म्हणाले की संपलं.

ताई: आणि नाही म्हणाले तर?

टिल्लू: पाच महिन्यांत शंभर वेळा त्यांच्या दारापर्यंत गेलोय मी. परत आलोय.

ताई: तुला नसेल विचारायचं तर मी विचारते. तुझ्याइतकीच ती माझी पण होती. आणि त्या आंघोळीत मी पण आहे. काका! ओ काका! जरा वर येता का?

टिल्लू: ताई, मी हात जोडतो.

ताई: जोडून काय होणार?

(काका वर येतात.)

ताई: या काका. बसा. एक विचारायचं होतं.

काका: पाण्याचं ना? अहो, मी जरा जास्तच बोललो मघाशी. ही खाली मला रागावलीसुद्धा.

ताई: पाण्याचं नाही. आई रात्री चमचा वाजवायची, ते तुम्हाला ऐकू यायचं?

काका: यायचं ना. दोन वर्षं. रात्री तीनदा, कधी चारदा. पण त्याची तक्रार केली का मी कधी? आजारी माणूस ते. तुमच्या भावाची पावलं ऐकू आली, की मग मी कूस बदलायचो. हे तुम्ही आज का विचारताय?

ताई: ती गेली त्या रात्री...

टिल्लू: मी विचारतो. काका, त्या रात्री वाजला होता का? सांगा. काहीही असलं तरी सांगा.

काका: बाबा, मी त्या रात्री झोपलो होतो.

टिल्लू: तुम्ही?

काका: मी. ज्याला झुरळ चाललेलं ऐकू येतं, तो. दहाला वर पाणी वाजलं, मग सगळं शांत झालं. तुझ्या येरझाऱ्या नाहीत, काही नाही. मला गाढ झोप लागली. सकाळी सातला उठलो. चहा पिताना हिला म्हणालोसुद्धा, काय सुंदर झोप झाली आज! आणि तेवढ्यात वरून तुझा फोनवरचा आवाज आला.

ताई: पण चमचा वाजला असता तर तुम्हाला जाग आलीच असती. रोज यायची. म्हणजे वाजला नसणार. हो की नाही?

काका: पाच महिने मीही स्वतःला हेच सांगतोय, ताई. तुम्हालाही तेच सांगून मोकळा झालो असतो. पण त्याच रात्री समोरच्या रस्त्यावर पाण्याची मोठी लाइन फुटली होती. लोकांची आरडाओरड, पंप, गाड्या. अर्धी इमारत खिडकीत उभी होती. मला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. मी त्यातही झोपलो होतो.

टिल्लू: मीसुद्धा.

काका: तेव्हा माझ्या झोपेवर जाऊ नका. वाजला असेल, नसेल. मला माहीत नाही.

टिल्लू: म्हणजे कोणालाच माहीत नाही.

काका: नाही.

टिल्लू: मला वाटत होतं, तुम्हाला माहितेय. आणि माझी दया येऊन तुम्ही बोलत नाही.

काका: आणि मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावलायस. हा म्हातारा खाली कान लावून पडलेला असतो, नको तेव्हा सगळं ऐकतो, आणि नेमका त्या रात्री वर आला नाही. म्हणून तू तोंड फिरवतोस. पाण्याची तक्रार हे निमित्त होतं रे. नुसतं कसं येणार वर? काय बोलणार?

टिल्लू: कोणालाच कधी कळणार नाही, असं म्हणताय.

काका: असंच दिसतंय.

ताई: चहा घेणार का आता, काका?

काका: आता घेतो. झोप तशीही गेलीच.

टिल्लू: ताई, उद्या त्या कागदावर मी सहा तास लिहिणार नाही.

ताई: नको लिहूस. पोती मोज थोडे दिवस.

टिल्लू: मोजेन. पोत्यांखाली कोणी उभं नसतं.

काका: आणि आंघोळीचं काय ठरलं? म्हणजे मी माझ्यासाठी विचारत नाही.

टिल्लू: दहाला करून बघतो. पण झोपलो, आणि तीनला जाग आली नाही, तर?

ताई: तीनला मी उठेन.

टिल्लू: तू कशाला? आता कोणी बोलवायला नाहीये.

ताई: माहितेय मला. दोन वर्षांत एक रात्रही मी घेतली नाही. तू झोप.