माशांना आलेल्या देवी

नाही हो, तसं काही नाही, तुम्ही आत तर या आधी, उंबऱ्यात उभं राहून का कुणी बोलतं — दारावर कडुलिंबाचे डहाळे दिसले की कुणाचंही पाऊल अडतं, तुमची काही चूक नाही. पण या घरात कुणालाही देवी आलेल्या नाहीत. सुलूला तर मुळीच नाहीत. लहानपणीच टोचून घेतलंय तिला, दंडावर खूण आहे, हवी तर दाखवते. बसा, झोपाळ्यावर बसा. भाऊ ओट्यावरच थांबतायत का तुमचे? थांबू देत, बायकांपेक्षा पुरुषांना भीती जास्त. देवी आल्यात हे खरं, पण त्या माशांना — हो, माशांना. काचेच्या पेटीतल्या. हसलात ना? हसा, बरं वाटलं मला. मी सुलूची आत्या, मध्यस्थांनी सांगितलंच असेल, तिला आई नाही, पाच वर्षांची असल्यापासून मीच बघते तिचं. दादा, तिचे वडील, कचेरीत गेलेत, येतीलच. मुलगी बघायला तुम्ही गुरुवारी येणार म्हणून आम्ही गुरुवारच्या तयारीत — डहाळे बुधवारी संध्याकाळी उतरवायचे होते, आणि तुम्ही मंगळवारीच मोटारीतून उतरलात. बरं केलंत, आपलंच घर आहे.

तर ते मासे. भाटघरच्या धरणावर एक ओव्हरसियर होते, दादांचे स्नेही, त्यांची कराचीला बदली झाली — आता कराचीपर्यंत पाण्याची पेटी कोण नेणार, म्हणून जाताना ती आमच्या माथी मारून गेले. तांबडे-सोनेरी मासे, बोटाएवढाले. मला म्हणाल तर घरात मासे आणायचे आणि खायचे नाहीत, हे काही मला उमगत नाही. पण सुलूला लळा लागला. सकाळी उठली की आधी पेटीशी, मग चुलीशी. त्यात यंदा माघात अशी थंडी पडली की अंगणातल्या बादलीत हात घालवेना, आणि एक दिवस बघते तर माशांच्या अंगावर पांढरे पांढरे ठिपके — रव्याचे कण उधळावेत तसे. शेपटीवर, कल्ल्यांवर, डोळ्यापाशीसुद्धा. आणि बिचारे तळच्या खड्यांवर अंग घासतायत, खाज सुटल्यासारखे. आमची धोंडाबाई आहे ना, कामाला येते, मार्गासनीकडची, तिनं वाकून पाहिलं आणि हातातला केर तिथंच टाकला. म्हणाली, "आत्याबाई, ह्या देवी हायेत. आमी लई पायल्यात. आईचा कोप न्हाई करायचा." आणि जी गेली ती लिंबाचा भाराच घेऊन आली.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही कसं ऐकलंत? अहो, ऐकलं नाही तर ती कामाला येईना. आणि खरं सांगू का — माशांना येत नाहीत असं कुठं लिहिलंय? येत असतील. मी विषाची परीक्षा कशाला घेऊ? मग सगळं रीतसर केलं. पेटीभोवती लिंब, दारावर लिंब, पेटीसमोर दहीभाताची वाटी, घरात मोठ्यानं बोलायचं नाही, आणि फोडणी बंद. हे दहीपोहे म्हणूनच असे पांढरेफटक, नाहीतर माझ्या हातची फोडणी — असो, पुढच्या वेळी. दादा आठ दिवस बिनफोडणीची आमटी जेवतायत माशांपायी, आणि एका शब्दानं बोलले नाहीत, कारण बोलायचं तर हळू बोलावं लागतं आणि हळू बोलणं त्यांना जमत नाही. घ्या ना, थोडे तरी घ्या.

पण एक मासा गेलाच. सकाळी वर तरंगत होता. सुलूनं कर्दळीखाली खड्डा केला, त्याला पुरलं, आणि आली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मोठी झाल्यापासून कधी रडली नव्हती हो. साडी मागितली नाही कधी, दागिना मागितला नाही. पहिल्यांदाच काही मागितलं पोरीनं — आत्या, बाकीचे मरू देऊ नकोस. आता मी काय माशांची वैद्य? म्हणून मग उपेंद्रला बोलावलं. उपेंद्र म्हणजे — पलीकडच्या आळीत राहतो, शाळेत शास्त्र शिकवतो, एकटाच असतो. नाही, नातं काही नाही. शेजार.

तो आला, त्यानं बघितलं, आणि आला तसा परत गेला. मला वाटलं, संपलं. तर थोड्या वेळानं धोतराच्या सोग्याखाली काहीतरी झाकून आणतोय — शाळेतला सूक्ष्मदर्शक. हेडमास्तरांना विचारून आणला म्हणाला, विचारलं असेल. मासा ओल्या फडक्यात धरून त्यानं अंगावरचं थोडं बुळबुळीत काचेवर घेतलं आणि म्हणाला, या देवी नव्हेत आत्या, हे बारीक जीव आहेत, कातडीखाली घर करून राहतात, फुगले की खाली पडतात, तळाशी त्यांची शेकडो पिल्लं होतात आणि ती पुन्हा माशांना चिकटतात. मी बघितलं नळीतून. गोल गोल काहीतरी स्वतःभोवती फिरत होतं, मला तर घेरीच आली. मग सुलूनं बघितलं. मग त्यानं. मग तिनं. आता त्या नळीत एका वेळी एकच डोळा मावतो, एवढं मलाही कळतं, पण ही दोघं अर्धी दुपार तिथंच, डोक्याला डोकं लावून — म्हणजे लावून नाही, जवळ. माझं मेलं तोंड ना, काहीही शब्द वापरते.

औषध काय, तर खडेमीठ. मिठाचं पाणी करून ते बेताबेतानं पेटीत घालायचं, तळाचं पाणी रोज थोडं काढायचं, खडे उकळून घ्यायचे, आणि नवं पाणी घालायचं ते उन्हात कोमट केलेलं, कारण उबेत ते जीव लवकर अंग सोडतात आणि मग मीठ त्यांना गाठतं. आणि गंमत अशी, की धोंडाबाईनं देवीच्या अंघोळीसाठी लिंबाचा पाला घालून घंगाळ उन्हात ठेवलेलंच होतं. उपेंद्र म्हणाला, पाला काढा, बाकी हेच हवं होतं. ती म्हणाली, पाला ऱ्हाईल. शेवटी पाला फडक्यात बांधून घंगाळात राहिला, पेटीत नाही. आता ठिपके गेलेत, मासे हुंदडतायत, आणि ती म्हणते देवीनं केलं, हा म्हणतो मिठानं केलं. मी दोघांनाही हो म्हणते.

हात? सुलूचे ना? हो, दिसले वाटतं मघाशी, पाणी द्यायला आली तेव्हा. मिठानं फुटलेत हो, बाकी हात नाजूक आहेत पोरीचे. रोज मिठात घालते ना. उपेंद्रचेही तसेच झालेत — तो रोजच येतो. शाळा सुटली की. कोकम-तेलाची वडी मी दिली त्याला, तर सुलू म्हणते आधी त्यांना लावू दे, मग मी लावीन. आता यात काय आहे? माणुसकी आहे. माणूस चांगला आहे हो, पगार बेताचा, पण निर्व्यसनी, आणि गोत्रही वेगळं — ते मी आपलं सहज विचारून ठेवलं. सहजच. बोलता बोलता.

अहो, उठू नका. तुमच्या मुलाला काय कमी, पुण्यात सरकारी नोकरी, स्वतःचं घर, मी तर म्हणते सुलूचं नशीब. परसात आहे ती, पेटी घासायला तिथं नेलीय, बादलीतले मासे परत तिच्यात सोडतायत आज, बोलावते — सुलू. अगं सुलू, जरा इकडे ये बाई.

हसतेय. ऐकलंत? तीच. घरात हळू बोलायचं ठरलंय आणि ही हसतेय. तोही हसतोय. मंगळवार ना आज — शाळा असायला हवी त्याला.

नाही, राहू दे. नाही बोलावत मी.

बसलात, ऐकून घेतलंत, उपकार झाले. तुमची मोटार अडीचला सुटते, ऊन आहे तोवर निघालेलं बरं. वाईट वाटून घेऊ नका, मलाच आत्ता कळलं हो, तुमच्याशी बोलता बोलता, आणि मला फार बरं वाटतंय, लपवून काय करू. पुण्यात कुणी विचारलं तर देवीचं तेवढं सांगू नका. सांगा, मुलगी चांगली आहे पण ठरलेली आहे. कुठं, म्हणाले तर सांगा, ते अजून तिच्या बापालाही ठाऊक नाही. ते मी संध्याकाळी बघते, आमटीला फोडणी देऊन. या हं.