पाचव्या पाटावरचा नवरा

नाय, नाय जमादारसाहेब, उंबऱ्याच्या आत नको — आत मेहुणं जेवायला बसलीत. माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन आहे. पाच जोडपी एकदा पाटावर बसली, की पानं उचलेपर्यंत कुणी उठायचं नाय, कुणी उठवायचं नाय. वॉरंट कशाला दाखवता? उर्दू मला कुठं वाचता येतं? मराठी येतं, तेही आता आता — चतुराबाईंनीच तर शिकवलं — कोण चतुराबाई? तुम्ही शोधताय तीच की!

घरात कोण कोण आहे म्हणता? व्रतात खोटं बोलायचं नाय, हीच तर लई अडचण झालीय आज. सवाष्णी पाच मिळाल्या, पण नवरे चारच. दगडाबाईचा नवरा तुमच्याच तुरुंगात — सरकारला लेव्हीचं धान्य दिलं नाय म्हणून. तो तरी काय करणार? राजाचाच हुकूम होता! तुम्हीही होतात की नाटकाच्या तंबूत. आजवर बाप्यांनी लुगडी नेसून राण्या केल्या. बाईमाणसानं मिशा लावून राजा व्हायचं, हे औरंगाबादेत कुणी पाहिलं होतं? अन् चतुराबाई सिंहासनावरून काय गरजली — ‘उद्यापासून लेव्ही माफ!’ पिशोरहून गाड्या भरभरून आलेली माणसं घरी गेली अन् कणग्यांना कुलपं घातली. हसू नका. तुम्ही स्वतः उभं राहून तिला सलाम ठोकला होता, मी बायकांच्या पडद्याआडून पाहिलंय.

व्रत कशासाठी? नवऱ्यासाठी — म्हणजे घरात तसंच सांगितलंय. सोळा सोमवार अळणी खाल्लं, ते त्या बाईनं सुखरूप संस्थानाच्या हद्दीपार जावं म्हणून... हे बघा, तुम्हाला कशाला सांगितलं मी!

तर मग दगडाबाईशेजारी कोण? नवरा. बघा ना, दारातूनच बघा — फेटेवाला. घास बारीक घेतोय, व्हय. वरण कढत आहे, अन् मिशीचा डिंक वाफेला टिकत नाय, म्हणून — अगं बाई!

कडी वाजली? मागच्या दाराची? मांजर असंल — नाय, मांजर नाय. आज खोटं बोलायचं नाय मला. गेली ती. अर्ध्या पानावरून उठून गेली. आता महादेवानं काय समजायचं? जिच्यासाठी व्रत केलं ती सुटली, अन् तिच्याच उठण्यानं व्रत मोडलं! सोळा सोमवार, दाऊदभाई... सोळा.

थांबा, पळू नका तिच्यामागं. पाट अजून गरम आहे, पान मी नवं वाढते. मुसलमान आहात तर काय झालं? डिंकाच्या मिशा चालवून घेतल्या देवानं, तुमच्या तर खऱ्या आहेत. दगडाबाई, सरक गं जरा, नवरा आला तुझा!

पट्टा सैल करा. बूट बाहेर. काठी तुळशीपाशी ठेवा. अन् आता गप्प — पानं उचलेपर्यंत उठायचं नाय.