पायरीवरून पडली, असं मीच म्हनलो

माहा जनम रायपूरचाच. बाप भंडाऱ्याकडून आला होता. मी दुसरी शिकलो अन् मंग इथल्याच उरला गावच्या रोलिंग मिलमधी लाल सळाखा चिमट्यानं ओढल्या, सारी उमर तेच, पन कोनापुढं मान नाही वाकवली. समाजाची बैठक माह्याबिगर सुरू होत नव्हती. आता तेच सांगून राहिलो तुमाले, त्या इज्जतीनंच पोट्टीचा घात केला.

पोट्टी म्हंजे शालू, एकुलती एक. भनपुरीच्या ट्रकवाल्याले देली. माह्या पाया पडे तो. दुसऱ्याच वर्षी शालू आली तं हात मोडलेला. माही बायको, तवा जिती होती, म्हने थान्यात चला. मी म्हनलो, थान्यात हलके लोक जातात, आपल्यात बैठक हाय. अस्पतालात डाक्टरनं पुसलं, कसं लागलं, तं पोट्टी तोंड उघडायच्या आंधी मीच म्हनलो, पायरीवरून पडली. त्यानं तेच लिवलं.

मंग बैठक भरली. जवाई हात जोडून उभा. पंच म्हनले, मारपीट लिवली तं घर कसं टिकन, लिवा का अनबन होती, दोघायचं पटत नव्हतं, मारपीट झाली नाही. मी खाली सही केली, मोठी, झोकात. शालू म्हने, बाबा, मले कोनी इचारलं का? मी म्हनलो, चूप बस. काय सांगू तुमाले, असे तीन कागद झाले, अन् तिन्ही वेळा मीच तिले आटोत बसवून पोचवून आलो.

चौथ्यांदा ती आलीच नाही. भर दुपारी त्यानं तिले पट्ट्यानं मारलं, आज उठलो का जिती ठेवत नाही म्हने, अन् खाटेवर झोपला. तिनं ट्रकचा लोखंडी पाना उचलला. तो तिथंच मेला. मंग सोताच चालत थान्यात गेली.

सरकारनं देलेली वकीलबाई चौबे कॉलोनीतली, आपलीच मराठी. म्हने, काका, झोपलेल्याले मारलं तं आत्मरक्षा म्हननं कठीन, पन वर्षानुवर्षं मार खाल्ला, जिवाच्या भेवानं हात उठला, हे दाखवता आलं तं खुनाचं कलम उतरू शकते. पुरावा काय हाय? बैठकीचे कागद होते ना, ते जवायाच्या भावानं आंधीच कोर्टात देले होते. मारपीट झाली नाही, खाली माही सही.

समाजवाले घरी आले, म्हने, भाऊ, पंचायले खोटं पाडू नका. मी म्हनलो, पंच गेले खड्ड्यात. कठघऱ्यात उभा राहून सांगतलं, साहेब, मी खोटं बोललो, मार खाऊन येत होती पोट्टी. सरकारी वकील हसला. म्हने, दादा, तब झूठ बोले थे कि अब? तवा, म्हनलो मी. तो म्हने, बेटी को बचाने के लिए बाप कुछ भी बोलेगा. शालू खाली पाहून राहिली होती. एकदाही वर नाही पाह्यलं.

निकाल बाकी हाय. मुलाकातीच्या दिवशी जेलात जातो, नाव लिवतो, ती येत नाही. सिपाहीन म्हनते, दादा, वो मना कर रही है, काहे आते हो? मी म्हनतो, हव, अन् टाइम संपेपर्यंत बाकावर बसून राह्यतो. तिचं काहीच चुकलं नाही. जिती राह्य बाई, सुटून ये, माह्या घरी नको येऊ पाह्यजे तं, पन बाहेर ये.